झिजलेली उजवी बाजू

मी एक गाडी बोलतेय. म्हातारी, हिरवी, आणि कारखान्यातून निघाल्यापासून अंगावर दुसरा रंग न चढलेली. आधीच सांगून ठेवते, मला नवी करायला कुणी येऊ नका. हातातला पॉलिशचा डबा खाली ठेवा, मग आपण बोलू.

माझ्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की तुमच्यातलाच कुणीतरी पुढे सरसावेल आणि म्हणेल, "त्या वर्षी त्या कंपनीने असला हिरवा रंग काढलाच नव्हता." माझ्याच बॉनेटवर हात टेकवून लोकांनी हे सांगितलेलं आहे. हाताखाली हिरवा रंग, आणि तोंडाने नाही म्हणणं चालूच.

आम्हाला मसल कार म्हणतात. अंग साध्या घरगुती गाडीचं आणि पोटात नको तेवढं थोराड इंजिन, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्यावर जीव टाकणाऱ्या लोकांनी आमच्याबद्दल इतकं रचून ठेवलंय की खरं कोणतं आणि थाप कोणती, हे आता आम्हालाच आठवून बघावं लागतं. अशी गाडी म्हटली की तिच्यावर पट्टे हवेत. पुढच्या सीटा दोन वेगळ्या हव्यात. गिअरचा दांडा खालून वर आलेला हवा, आणि चालवणारा पुरुष हवा. माझ्यात यातलं काहीच नाही, म्हणून मी खोटी.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला, एकोणीसशे सत्तर साली. वार कोणता होता ते मला माहीत नाही. शुक्रवारी बनलेली गाडी वाईट निघते, कारण कामगारांचं लक्ष घराकडे लागलेलं असतं, असा एक ठाम समज आहे. तो सांगणारे बहुतेक जण तेव्हा पाळण्यात होते. मला आठवतं ते एवढंच, की रंगाचा फवारा मारणारा माणूस शेजाऱ्याच्या विनोदावर हसला, त्याचा हात जागच्या जागी थबकला, आणि माझ्या मागच्या डाव्या दिव्याखाली रंगाचा एक ओघळ उतरला. तो तिथेच वाळला. पुढे एका तपासनिसाने इंजिनामागच्या पत्र्यावर खडूने गोल काढला, म्हणजे ठीक आहे, जाऊ द्या. त्याचा पांढरा खडू संपला होता म्हणून त्याने पिवळा घेतला. गोष्ट एवढी साधी, पण तिचाही पुढे पंचनामा झाला.

मला मागवून घेतलं ते आर्डिथ नीमायरने. ओहायोतल्या सेंट हर्मन गावची ही मुलगी, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. तिला नुकतंच खेड्यापाड्यांत टपाल वाटायचं काम मिळालं होतं. या कामाला आमच्याकडे ज्याने त्याने आपापली गाडी आणायची असते. तिने विक्रेत्यासमोर बसून मला तुकड्या तुकड्याने सांगितलं: पुढची सीट बाकासारखी सलग हवी. गिअर आपोआप पडणारा हवा, आणि त्याचा दांडा स्टिअरिंगपाशी. रेडिओ नको. आणि इंजिन असेल त्यातलं सगळ्यांत मोठं.

"पोरी, टपाल वाटायला एवढं इंजिन कशाला?" विक्रेता म्हणाला.

"टपाल वाटून झालं की घरी यायला."

"नवऱ्याला विचारलंस का?"

"विचारलं की. तो म्हणाला, विक्रेता फार बोलायला लागला तर दुसऱ्या दुकानात जा."

मी तिच्या दारात आले त्या दिवशी तिचा नवरा हार्लन डुकरांना खाणं घालून आला होता. त्याने मला एक फेरी मारली, मागे वाकून तो ओघळ पाहिला आणि म्हणाला, "हे बघ, रंग ओघळलाय. परत पाठवूया?" आर्डिथने ओघळावरून अंगठा फिरवला. "राहू दे," ती म्हणाली. "पार्किंगमध्ये आपली कोणती ते कळेल." तिचा तो अंगठा अजून मला आठवतो, आणि तो ओघळ नंतरचा आहे असं कुणी म्हटलं की म्हणूनच माझं डोकं फिरतं.

आता मी टपाल कसं वाटलं ते नीट ऐका, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. माझं स्टिअरिंग डावीकडे, आणि टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबांवर. डावीकडे बसून उजव्या खिडकीबाहेर हात पोचत नाही. मग आर्डिथ काय करायची? ती उजव्या दारानेच आत यायची आणि उजवीकडेच बसायची. डावा पाय मधल्या उंचवट्यावरून पलीकडे टाकून पेडलवर, डावा हात लांब करून स्टिअरिंगवर, आणि उजवा हात खिडकीबाहेर मोकळा. सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगपाशी मागितला होता तो याचसाठी. तिच्यासारखे टपाल वाटणारे पुष्कळ जण असंच चालवायचे. वाटेत कुणाला बघून नवल वाटायचं नाही, कुत्रीसुद्धा भुंकायची ती उजव्या चाकावर.

प्रत्येक पेटीला एक लाल पत्र्याचा झेंडा असायचा. घरातून काही पाठवायचं असलं की लोक तो उभा करायचे, मग त्या पेटीत टाकायला काही नसलं तरी आम्ही थांबायचो. हाताला पेटी लागेल एवढ्याच अंतरावर मला उभी करायची, ना खडीत उतरवायची ना रस्त्यावर अडवायची, यात आर्डिथचा हात धरणारं कुणी नव्हतं. बर्फात, चिखलात, मक्याच्या धुळीत आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं. माझी सीट उजवीकडे खचली. उजव्या दाराचा हात टेकायचा कठडा तिच्या कोपराने फुटला. उजव्या खिडकीची मूठ गुळगुळीत झाली, मधल्या उंचवट्यावरचा गालिचा तिच्या पोटरीने टक्कल पडेपर्यंत घासला, आणि पेडल झिजले तेही उजव्या कडेला. सीटची डावी बाजू मात्र जवळजवळ कोरी राहिली, कारण तिच्यावर रविवारखेरीज कुणी बसायचंच नाही.

रविवारी सकाळी चर्च, दुपारी शर्यत. गावाबाहेर विमानांची एक सोडून दिलेली धावपट्टी होती, तिथे पोरं आपापल्या गाड्या घेऊन जमायची. आर्डिथ चर्चच्याच कपड्यांत यायची, डोक्याला रुमाल बांधून, आणि डिकीत घरी भाजलेली रूबार्बची गोड पाई असायची, कारण तिथून तिला सासूकडे जायचं असायचं. पट्ट्यापट्ट्यांच्या गाड्यांतली पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायची. "टपालवाली आली रे, कुणाचं पत्र आहे का?" म्हणायची. शर्यतीचा झेंडा पडला की पुढे ती हसायची नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते, तुम्हाला काय करायचंय?

मग मुलगा झाला. त्याचं नाव कर्टिस. सांभाळायला कुणी नसलं की आर्डिथ त्याला मागच्या सीटवर टपालाच्या पेटाऱ्यांमध्ये बसवायची. नियमात हे बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांनी कधी मक्याच्या सुगीच्या दिवसांत पोर सांभाळलेलं नसतं. तो रडू नये म्हणून ती रस्त्यावरच्या पेट्यांची नावं ओळीने गाण्यासारखी म्हणत जायची. तो शाळेत जायच्या आधीच तिने एक जुनी जीप घेतली, जिचं स्टिअरिंगच उजवीकडे होतं. माझ्यावर ताडपत्री पडली आणि मी कोठारात गेले.

कोठारात मी पडून राहिले म्हणून हळहळू नका. उंदरांनी माझ्या मागच्या सीटचा कापूस नेला, तो त्यांना लखलाभ. हार्लनने दोनतीनदा म्हटलं, "रंग मारून घेऊया का?" आर्डिथ म्हणायची, "तुला मारून घेऊया का आधी?" अधूनमधून ती यायची, मला सुरू करायची, थोडा वेळ बसायची. हार्लन गेला त्या आठवड्यातही ती आली होती. ती डावीकडे बसली नाही. आपल्या जुन्या जागी उजवीकडे बसली आणि काच खाली केली.

पुढे कर्टिसला गाड्यांचं वेड लागलं. मला त्याचा आनंदच झाला होता. पोरगा चांगला आहे, मनाने लोण्याचा आहे. पण त्याचं सगळं ज्ञान इंटरनेटवरच्या एका कट्ट्यावरून आलेलं. तिथे बिगब्लॉक बॉब नावाचा एक गृहस्थ आहे, म्हणे ॲरिझोनात राहतो. त्याची गाडी कुणी पाहिलेली नाही, पण तो बोलला की विषय संपला. थोराड इंजिनाबरोबर सलग सीट कंपनीने कधी दिलीच नाही, हे बॉबचंच. खऱ्या, पुन्हा न रंगवलेल्या गाडीत सीट डावीकडे आधी झिजते, उजवीकडे झिजलेली दिसली तर ती दुसऱ्या गाडीची, हेही बॉबचंच. माझ्या मीटरवर चौदा हजार मैल पाहून कर्टिसने कट्ट्यावर आनंदाने लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. मीटरला पाचच आकडे असतात आणि तो फिरून पुन्हा शून्यावर येतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझा मीटर दोनदा फिरलाय. मी ते मैल खड्ड्यांत आपटून कमावलेत आणि ते कुणी कमी केलेले मला चालत नाहीत.

मग आर्डिथचं कंबरडं दुखायला लागलं, शेत विकायचं ठरलं, आणि ती गावात दोन खोल्यांत राहायला जाणार असं ठरलं. मी कर्टिसकडे जाणार होते. तो एक दिवस कोठारात आला, आर्डिथ काठी टेकत मागून आली, आणि तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, मी हिला अगदी नवी करून घेतो. रँडीच्या गॅरेजात सोमवारी देतो. वाळूचा फवारा मारून सगळा रंग काढायचा, आतलं सगळं नवीन. तू घेतलीस तेव्हा होती तश्शी."

"घेतली तेव्हा तिच्यावर ओघळ होता."

"तो नंतरचा आहे आई. कारखान्यातून असं सोडत नव्हते. बॉबने लिहिलंय."

"बॉब कोण?"

"कट्ट्यावरचा. त्याला या गाड्यांचं सगळं माहीत असतं."

"मी हिला आणायला गेले तेव्हा तो होता का तिथे?"

"तसं नसतं गं ते." कर्टिसने उजवं दार उघडलं. "आणि ही सीट बघ. डावीकडे कोरी, उजवीकडे फाटलेली. बाबांनी कुठूनतरी भंगारातून आणून बसवली असणार."

"तुझ्या बाबांना सीट तर सोड, बल्ब बदलता येत नव्हता. मी उजवीकडे बसून टपाल टाकायचे कर्ट्या, म्हणून फाटलीय ती."

"ती जीप होती आई," कर्टिस हळूच म्हणाला. "जीपचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. तुझा गोंधळ होतोय."

त्याने हे प्रेमाने म्हटलं, आवाज खाली आणून, आजाऱ्याशी बोलतात तसं. ओरडून म्हणाला असता तर आर्डिथने त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. आता मात्र ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटतं त्या क्षणी ती खरंच आठवून बघत होती, की आपण कुठल्या बाजूला बसत होतो. माझा एवढा संताप कधी झाला नव्हता. ज्या बाईने मला आयुष्यभर चालवलं, तिला स्वतःवर शंका घ्यायला लावली, आणि कुणी, तर ॲरिझोनातल्या एका बॉबने.

शेवटी ती म्हणाली, "शनिवारी फेअरमध्ये गाड्यांचा शो आहे ना? तिथे ने हिला. जी गाडी जशीच्या तशी असते, तिचा वेगळा वर्ग असतो म्हणालास. तुझ्या त्या शहाण्यांनी हिला त्यात घेतलं, तर हिला हात लावायचा नाही. कधीच."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर माझंच डोकं गेलंय म्हणायचं. मग ने तुझ्या रँडीकडे."

शनिवारी कर्टिसने मला ट्रेलरवरून नेलं. फेअरचं, म्हणजे आमच्या शेतकी जत्रेचं, मैदान डुकरांच्या गोठ्यांपाशी सुरू होतं आणि तळलेल्या मांसाच्या सँडविचपाशी संपतं. आम्हा गाड्यांना मध्ये गवतावर उभं केलं होतं. माझ्या शेजारी एक नारिंगी गाडी होती, नव्यासारखी करून आणलेली. इतकी नवी, की ती कारखान्यातूनसुद्धा एवढी नवी निघाली नसेल. तिच्या इंजिनामागच्या पत्र्यावर खडूचा पांढरा गोल होता, साचा ठेवून काढलेला. लोक त्याचे फोटो काढत होते. मालक सांगत होता, कारखान्यात अगदी असाच असायचा. तिचा मला राग नाही. तिचा रंग आधी खरवडला गेला आणि मग तिला खरं काय ते शिकवण्यात आलं.

परीक्षक इंडियानाहून आला होता, मेरिट ओव्हरहोल्ट नावाचा. टोपी, विजेरी, काठीला लावलेला आरसा. हा माणूस अडाणी नव्हता, हे मला मान्य करावंच लागेल. माझ्या खाली आरसा सरकवून त्याने लगेच सांगितलं, "पाण्याच्या नळीची ही पट्टी बदललीय." बरोबर होतं, आर्डिथने बदलली होती. माझे बोल्ट त्याने डोक्यांवरच्या खुणा बघून एकेक ओळखले. मला वाटलं, चला, बघणारा तरी भेटला.

मग त्याने पिवळा गोल पाहिला. "पांढरा असायला हवा. पिवळा कधी पाहिला नाही मी."

मग ओघळ. "हे नंतरचं काम आहे."

आणि मग त्याने दार उघडलं. विजेरी सीटच्या डाव्या बाजूवर फिरली, उजव्या बाजूवर थांबली, फुटक्या कठड्यावर गेली, गालिच्याच्या टकलावर गेली, पेडलच्या उजव्या कडेवर गेली. जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असा त्याने सुस्कारा सोडला. "दोन गाड्यांची एक केलीय," तो म्हणाला. "पत्रा एका गाडीचा, आतलं सामान दुसरीचं. बघा ना, पेडलच्या या कडेला कुणाचा पाय तरी पडेल का? हे पेडलही कुठूनतरी आणलेत." लोकांनी माना डोलावल्या. कर्टिसनेही डोलावली, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

"मी उजवीकडे बसून चालवायचे," आर्डिथ मागून म्हणाली. तिला कुणी खुर्ची दिली होती, ती त्यातून उठली.

ओव्हरहोल्ट अदबीने हसला. "काकू, या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाहीये मी. टपाल टाकायचे हिच्यातून."

"या इंजिनातून? एवढं इंजिन घालून टपाल कोण वाटतं?"

"मी वाटलं."

कुणीतरी हसलं. कर्टिसने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओव्हरहोल्टकडे बघून मान थोडी हलवली, म्हणजे जाऊ द्या, वय झालंय. ओव्हरहोल्टने कार्डावर लिहिलं, जशीच्या तशी वर्गात घेता येत नाही, दोन गाड्यांची जोड, नव्यासारखी करून पुढच्या वर्षी आणावी. ते त्याने माझ्या वायपरखाली खोचलं आणि तो नारिंगी गाडीकडे वळला.

आर्डिथने ते कार्ड काढलं, वाचलं, दुमडलं आणि म्हणाली, "कर्ट्या, किल्ली."

"आई, ट्रेलर आणलाय. मी चढवतो हिला."

"किल्ली दे. आणि मागे बस."

तिचा तो आवाज कर्टिसने बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. त्याने किल्ली दिली आणि मुकाट्याने मागे चढला. आर्डिथ माझ्या उजव्या दाराशी आली. काठी तिने ओव्हरहोल्टच्या हातात दिली, धर जरा म्हणून, आणि त्याने ती धरली. कंबर धरून, कण्हत, मला आणि देवाला दोन शब्द ऐकवत ती सीटवर उजवीकडे टेकली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून तिने उंचवट्यावरून पलीकडे टाकला. ती बसली आणि माझ्या सीटचा खड्डा भरला. तिचं कोपर फुटक्या कठड्यात जाऊन बसलं, पोटरी गालिच्याच्या टकलावर आली, टाच न बघता पेडलच्या उजव्या कडेवर पडली. ओव्हरहोल्ट खाली वाकून दारातून बघत होता. ज्या ज्या जागी त्याची विजेरी थांबली होती, तिथे तिथे आता एका म्हातारीचा एकेक अवयव होता. त्याच्या दुसऱ्या हातात विजेरी तशीच जळत राहिली होती, भर उन्हात.

"असेल तसं," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या नियमांत यासाठी रकाना नाही."

"नसू दे," आर्डिथ म्हणाली. "काठी आत टाक आणि बाजूला हो."

तिने मला सुरू केलं. किती तरी वर्षांत मी माणसांमध्ये आवाज काढला नव्हता, तो काढला. नारिंगी गाडीचा मालक दोन पावलं मागे सरला. डाव्या हाताने स्टिअरिंग वळवत आर्डिथने मला दोन गाड्यांच्या रांगांमधून बाहेर काढलं, उजवीकडच्या गाड्यांच्या आरशांना तळहात लागेल एवढ्या अंतराने, आणि एकालाही धक्का लागू दिला नाही. डावीकडे कुणीच नाही आणि गाडी चालतेय, हे बघून एक पोरगी आईला हाका मारत सुटली.

आणि मग आर्डिथ पुटपुटायला लागली. तिचं तिलाही कळलं नसावं. उजव्या बाजूने एकेक गाडी मागे पडत होती आणि ती जुन्या सुरात म्हणत होती, "श्रोडर, बोमर, पुलाशी वेनिंग, थोरले वेनिंग..."

"भुंकतो कुत्रा, गेट्झ," मागून कर्टिस म्हणाला.

आर्डिथने पेडलवरचा पाय सैल सोडला. मी हळू चालत होते.

"विधवा क्लाइन, दोन पेट्या," कर्टिस पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "आई, हे मी माझ्या मुलीला म्हणायचो. ती झोपावी म्हणून. मला वाटायचं बडबडगीत आहे."

"बडबडगीत कसलं. रस्ता आहे तो आपला."

"मी तुझ्या मागे बसायचो. इथेच." त्याने पुढच्या सीटची पाठ धरली. "तुझा उजवा कान दिसायचा मला. खिडकीतून वारा यायचा आणि तू कानावरचा रुमाल सारखा मागे सारायचीस. जीपमध्ये मागे सीटच नव्हती गं."

"नव्हतीच."

"आणि मी तुला म्हणालो तुझा गोंधळ होतोय."

आरशात तिचे डोळे भरलेले मला दिसले. माझंही इंजिन जरा अडखळलं, त्याला कुणी कार्बुरेटरची घाण म्हणायचं असेल तर म्हणा.

"मी रँडीला फोन करून सांगतो," कर्टिस म्हणाला. "सोमवारी नको. कधीच नको."

"सांग. पण जरा थांब, पेटी आलीय."

मैदानाच्या फाटकाशी, रस्त्याच्या उजव्या कडेला, फेअर कमिटीची टपालपेटी होती. आर्डिथने मला तिच्यापाशी आणून उभं केलं, हाताला लागेल एवढ्याच अंतरावर, खडीत नाही आणि रस्त्यात नाही. उजवा हात बाहेर काढून तिने पेटीचं झाकण उघडलं, ओव्हरहोल्टचं दुमडलेलं कार्ड आत टाकलं, झाकण लावलं, आणि लाल झेंडा उभा केला. मग आम्ही घरी गेलो.

आता मी कर्टिसच्या गॅरेजात असते. आर्डिथ गावातल्या तिच्या दोन खोल्यांतून रविवारी चर्च झालं की येते आणि आम्ही फिरायला जातो, ती उजवीकडे, तो मागे. कट्ट्यावर माझा फोटो गेला तेव्हा बॉबने लिहिलं, असं चालवणं शक्यच नाही, ही थाप आहे. खाली पुष्कळ जणांनी त्याला दुजोरा दिला. कर्टिसने एकच ओळ लिहिली: "मी मागच्या सीटवर होतो."

माझा ओघळ जागेवर आहे, खडूचा गोल पिवळाच आहे, आणि माझे मैल माझ्यापाशी आहेत. तुम्ही माझ्याबद्दल पुष्कळ वाचलं असेल. ते सगळं बाहेर ठेवा, त्या पॉलिशच्या डब्याशेजारी, आणि या मला बघायला. मात्र डावीकडचं दार उघडू नका. माझ्याकडे यायचं तर उजवीकडूनच यावं लागतं.